नोंदवहीची साक्ष : वॉकरटन येथील पाणीपुरवठ्याचा इतिहास (१९७८–२००२)

१

नगरांचे इतिहास लिहिताना पाणीपुरवठ्याचा उल्लेख बहुधा एकदाच येतो. तलाव कोणी बांधला, नळ कोणत्या साली आले, खर्च किती झाला, एवढे सांगितले की तो विषय संपतो. वस्तुतः पाणी पुरविणे ही एकदा घडून गेलेली घटना नव्हे. ते रोज करावयाचे काम आहे आणि पाणी पिण्यास निर्धोक आहे की नाही हा प्रश्नही रोज नव्याने उत्पन्न होतो. त्या प्रश्नाचे त्या त्या दिवशीचे उत्तर जेथे लिहून ठेवले जाते ती नोंदवही हे नगराच्या आरोग्येतिहासाचे प्रथम दर्जाचे साधन होय. तथापि साधन प्रथम दर्जाचे असले म्हणजे ते सत्य सांगतेच असे नाही.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील वॉकरटन या लहान नगरात मे २००० मध्ये नळाच्या पाण्यातून जी साथ उद्भवली, तिचा विचार प्रस्तुत निबंधात या दृष्टीने केला आहे. सुमारे ४,८०० वस्तीच्या या गावी २,३०० हून अधिक माणसे आजारी पडली व सात दगावली. साथीची कारणे शोधण्यासाठी न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला आणि त्याच्या अहवालाचा पहिला भाग जानेवारी २००२ मध्ये, तर दुसरा त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला. एका लहान गावाच्या पाण्याचे इतके बारकाईने केलेले अन्वेषण क्वचितच आढळते. इतिहासाच्या अभ्यासकास त्याचे महत्त्व असे की, अस्सल, समकालीन व अधिकृत अशा कागदांची एक मालिकाच या अन्वेषणात असत्य ठरली.

२

वॉकरटन हे टोरोंटोच्या वायव्येस, सॉगीन नदीच्या काठी वसलेले, ब्रूस परगण्याचे मुख्य ठिकाण. १८५० साली जोसेफ वॉकर याने येथे वसाहतीस आरंभ केला आणि गावास त्याचेच नाव मिळाले. भोवतालचा मुलूख शेतीचा व गुरे पाळण्याचा आहे. गावास नदीचे पाणी पुरविले जात नसे. ते खोदलेल्या विहिरींतून, म्हणजे आपल्याकडील भाषेत विंधन विहिरींतून, पंपाने उपसून नळांत सोडले जाई. इ. स. २००० मध्ये क्रमांक ५, ६ व ७ अशा तीन विहिरी वापरात होत्या. त्यांची देखभाल गावाच्या लोकोपयोगी सेवा मंडळाकडे होती.

यांपैकी पाचव्या क्रमांकाची विहीर १९७८ साली खोदली गेली. तिची खोली अवघी १५ मीटर. वरच्या मातीचा थर सुमारे अडीच मीटरांचा आणि त्याखाली भेगाळलेला चुनखडीचा खडक. पाणी लागले तेही पाच ते आठ मीटरांच्या पट्ट्यातच. जाड मातीतून झिरपताना पाणी गाळले जाते. भेगांतून वाहणारे पाणी मात्र जसे असेल तसेच खाली उतरते. जवळच शेते व गोठा होता. विहिरीची पाहणी करणाऱ्या सल्लागारांनी १९७८ सालीच भोवतालच्या शेतीपासून संभवणाऱ्या दूषणाची जाणीव करून दिली होती आणि लगतची जमीन नगराने आपल्या नियंत्रणाखाली आणण्याचा विचार करावा असे सुचविले होते. जमीन घेतली गेली नाही. प्रांताच्या पर्यावरण मंत्रालयाने विहिरीस मंजुरी दिली, परंतु ती कशी चालवावी याविषयी मंजुरीपत्रात कोणतीही अट घातली नाही.

त्या वेळच्या अधिकाऱ्यांना आज दोष देताना एक गोष्ट लक्षात घेणे न्याय्य ठरेल. २००० साली ज्या जंतूने वॉकरटनमध्ये अनर्थ केला तो ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू रोगकारक म्हणून प्रथम ओळखला गेला तो १९८२ साली, म्हणजे विहीर खोदल्यानंतर चार वर्षांनी. निरोगी गुरांच्या आतड्यांत तो निमूटपणे राहतो. माणसाच्या पोटात गेला असता रक्ताचे जुलाब होतात आणि त्याच्या विषाने, विशेषतः लहान मुलांचे व वृद्धांचे, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. हा जंतू पिण्याच्या पाण्यातूनही पसरतो याचा पुरावा अमेरिकेतील मिसूरी राज्यातील कबूल या गावी १९८९–९० च्या हिवाळ्यात मिळाला. तेथे क्लोरीन न घातलेल्या पाण्यामुळे २४३ जण आजारी पडले व चार मृत्यू पावले. तेव्हा १९७८ चे अज्ञान क्षम्य मानले, तरी १९९० नंतरचे दुर्लक्ष त्या सदरात बसत नाही.

३

नोंदवहीतील असत्याचे स्वरूप कळण्यासाठी क्लोरीनचे कार्य थोडक्यात समजून घेतले पाहिजे. पाण्यात घातलेल्या क्लोरीनचा काही भाग पाण्यातील सेंद्रिय द्रव्य व जंतू यांच्यावर खर्च होतो. खर्च होऊन जो उरतो त्यास अवशिष्ट क्लोरीन म्हणतात. ओंटारिओच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार क्लोरीन घातल्यावर पंधरा मिनिटांनी दर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम इतका अवशेष राहावयास हवा होता. हा आकडा म्हणजे औषधाची केवळ मात्रा नव्हे. तो एक इशाराही आहे. क्लोरीन नेहमीइतकाच घातला असता अवशेष एकाएकी उतरला किंवा नाहीसा झाला, तर पाण्यात नेहमीपेक्षा अधिक घाण शिरली आहे असे समजावे. प्रयोगशाळेचा निकाल यावयास एक-दोन दिवस लागतात; अवशिष्ट क्लोरीनची परीक्षा मात्र काही मिनिटांत होते. म्हणून चालकाने प्रत्येक विहिरीवर रोज ती परीक्षा करून दैनिक कार्यपत्रकात आकडा लिहावा, अशी अपेक्षा होती.

वॉकरटनमध्ये हा आकडा लिहिला जाई. मोजला मात्र बहुधा जात नसे. वर्षानुवर्षे बहुतेक दिवशी कार्यपत्रकावर ०.५ किंवा ०.७५ हेच दोन आकडे दिसतात. प्रत्यक्षात क्लोरीनची मात्राच इतकी कमी ठेवली जाई की तेवढा अवशेष उरणे शक्य नव्हते. प्रयोगशाळेकडे पाठवावयाच्या नमुन्यांचीही हीच गत होती. दूरच्या ठिकाणी जाण्याऐवजी सोयीच्या जागी बाटल्या भरून घेत आणि चिठ्ठीवर भलत्याच ठिकाणाचे नाव लिहीत.

हे करणारी माणसे गावाचा घात करण्यास टपलेली होती काय? चौकशीतून तसे निघाले नाही. आपल्या गावाचे पाणी मुळातच उत्तम आहे अशी त्यांची मनोमन खात्री होती. ती स्वतः क्लोरीन न घातलेले पाणी पीत असत. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो अशी तक्रार गावकरी करीत आणि मात्रा कमी केली की तक्रार थांबे. त्यांचे परवानेही परीक्षा देऊन मिळविलेले नव्हते, ते अनुभवाच्या आधारे देण्यात आले होते. भूगर्भातील थंड, नितळ, चवदार पाणी शुद्ध असलेच पाहिजे ही समजूत सर्व देशांत व सर्व काळांत आढळते. तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या चालकाला क्लोरीनची परीक्षा हा निरर्थक सोपस्कार वाटावा आणि सोपस्कार म्हणूनच त्याने आकडा लिहून टाकावा, यात विशेष नवल नाही. खोट्या नोंदीचा उगम येथे दुष्टाव्यात नसून निष्काळजी श्रद्धेत आहे आणि म्हणूनच ती इतकी वर्षे निर्वेध चालली.

४

मे २००० च्या दुसऱ्या आठवड्यात त्या भागात मोठा पाऊस झाला. ८ ते १२ मे या पाच दिवसांत १३४ मिलिमीटर पाऊस पडला आणि १२ तारखेस त्याचा जोर सर्वाधिक होता. पाचव्या विहिरीजवळच्या शेतात शेणखत पसरलेले होते. ते पावसाने धुऊन खडकाच्या भेगांवाटे विहिरीत उतरले. त्या शेतकऱ्याने खत घालताना मान्य असलेली सर्व रीत पाळली होती, त्याच्याकडे दोष जात नाही, असा स्पष्ट निर्वाळा आयोगाने दिला आहे.

१३ व १४ मे रोजी विहिरीवर फेरी झाली. अवशिष्ट क्लोरीन मोजला असता तर तो नाहीसा झाल्याचे तेव्हाच उघड होण्याचा संभव होता. तो मोजला गेला नाही. कार्यपत्रकावर मात्र नेहमीच्या थाटाचा आकडा उमटला. १५ तारखेस घेतलेल्या नमुन्यांत ई. कोलाय जंतू असल्याचे प्रयोगशाळेने १७ तारखेस मंडळाच्या व्यवस्थापकास कळविले. ही वार्ता आरोग्याधिकाऱ्यांपर्यंत गेली नाही. व्यवस्थापकास त्या दिवसांत दुसरीच एक चिंता होती. सातवी विहीर क्लोरीनयंत्र बसविल्याशिवायच मे महिन्यात कित्येक दिवस चालविण्यात आली होती आणि नवे यंत्र १९ मे रोजी बसले.

१८ मे रोजी ओवेन साउंड येथील रुग्णालयात रक्ताचे जुलाब होणारी दोन मुले दाखल झाली. तेथील बालरोगतज्ज्ञांना ई. कोलायचा संशय आला आणि १९ तारखेस त्यांनी आरोग्य विभागास सावध केले. विभागाने मंडळाकडे पाण्याविषयी विचारणा केली. पाणी ठीक आहे असे उत्तर मिळाले. प्रतिकूल अहवाल दोन दिवसांपूर्वीच हाती आलेला असताना हे उत्तर दिले गेले. विचारणा पुन्हा झाली, उत्तर तेच राहिले. अखेर आरोग्याधिकारी डॉ. मरे मॅक्क्विग यांनी मंडळाच्या शब्दावर अधिक न विसंबता रविवार, दि. २१ मे रोजी दुपारी पाणी उकळून प्यावे अशी सूचना प्रसृत केली. ती स्थानिक आकाशवाणीवरून दिली गेली आणि सुमारे निम्म्या गावाला त्या दिवशी ती कळलीच नाही. आरोग्य विभागाने स्वतः घेतलेल्या नमुन्यांचा निकाल २३ तारखेस आला, तेव्हा शंकेस जागा उरली नाही. तत्पूर्वी, २२ मे रोजी पहिला मृत्यू झाला होता.

आयोगाने काढलेला हिशेब विचार करण्याजोगा आहे. प्रतिकूल अहवालाची खरी हकीकत १९ तारखेस सांगितली गेली असती तर ३०० ते ४०० लोकांचे आजारपण टळले असते. क्लोरीन रोज मोजला जात असता तर साथीचा आकार पुष्कळच लहान राहिला असता. क्लोरीन व गढूळपणा अखंड मोजून पंप आपोआप बंद करणारे यंत्र पाचव्या विहिरीवर असते तर साथ उद्भवलीच नसती. सत्तावीस रुग्णांना मूत्रपिंडाचा गंभीर विकार जडला आणि त्यांतील बहुतेक बालके होती. पाणी उकळण्याची सूचना ५ डिसेंबर २००० रोजी मागे घेण्यात आली.

५

आयोगापुढील काम एका अर्थी इतिहाससंशोधकाचेच होते. त्याच्याजवळ दोन प्रकारची साधने होती. एकीकडे दैनिक कार्यपत्रके, नमुन्यांच्या चिठ्ठ्या, वार्षिक अहवाल असा लेखी पुरावा. दुसरीकडे ११४ साक्षीदारांच्या तोंडी जबान्या. महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनात वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यापासून, मागाहून लिहिलेल्या बखरीपेक्षा समकालीन अस्सल पत्रास अधिक प्रमाण मानावे हा दंडक रूढ झाला आहे आणि तो योग्यच आहे. वॉकरटनची कार्यपत्रके या कसोटीस पूर्णपणे उतरतात. ती त्या त्या दिवशी लिहिलेली, जबाबदार माणसाच्या हातची आणि बनावट नसलेली आहेत. तथापि ती खोटी आहेत. घटनेनंतर काही महिन्यांनी, शपथेवर, चुकत-माकत दिलेली चालकांची तोंडी कबुली मात्र सत्य ठरली.

दंडक मोडला असा याचा अर्थ नाही. दंडकाचा उत्तरार्ध विसरता कामा नये, एवढाच त्याचा अर्थ. कागद अस्सल आहे की नाही हे बाह्य परीक्षण झाले. त्यातील मजकूर खरा आहे की नाही यासाठी अंतःपरीक्षण निराळेच करावे लागते. कागद कोणी लिहिला, कोणाने वाचावा म्हणून लिहिला, खरे लिहिल्यास लिहिणाऱ्यास काय भोगावे लागले असते, हे प्रश्न तेथे विचारावयाचे असतात. वॉकरटनच्या कार्यपत्रकाचा वाचक म्हणजे मंत्रालयाचा निरीक्षक. त्यावरील आकडा पाण्याची स्थिती सांगण्यासाठी लिहिलेला नसून निरीक्षकाचे समाधान करण्यासाठी लिहिलेला होता. साथ उघडकीस आल्यावर सातव्या विहिरीचे कार्यपत्रक नव्याने तयार करून यंत्राविना गेलेले दिवस झाकण्याचा यत्न झाला, तोही याच वाचकाला उद्देशून.

असत्य ओळखण्याची खूण कागदातच होती. निसर्गातील कोणतेही रोजचे मोजमाप थोडेफार हेलकावे खाते. पाऊस पडतो, बर्फ वितळते, उपसा कमी-जास्त होतो आणि अवशिष्ट क्लोरीनही त्याबरोबर खालीवर होतो. जो आकडा वर्षानुवर्षे दोनच ठिकाणी स्थिर राहतो तो पाण्याचा नसून लेखणीचा आकडा होय. अंतःपरीक्षणाचे हे पहिले सूत्र झाले.

दुसरे सूत्र स्वतंत्र साधनांशी पडताळा घेण्याचे. पर्जन्यमापनाच्या नोंदी, रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या तारखा आणि रुग्णांच्या व शेतातील गुरांच्या शरीरांत सापडलेल्या जंतूंच्या आनुवंशिक घटनेतील साम्य, ही साधने परस्परांपासून निराळ्या हातांनी तयार झाली होती. ती सर्व पाचव्या विहिरीकडे व १२ मे च्या आसपासच्या दिवसांकडे बोट दाखवितात. त्यांच्याशी विसंगत असा एकच कागद उरला आणि तो म्हणजे मंडळाचे कार्यपत्रक.

६

येथे थांबले तर साथीचा सारा दोष दोन माणसांच्या माथी मारल्यासारखे होईल. व्यवस्थापक व मुख्य चालक यांनी २००४ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला व त्यांना शिक्षाही झाली. परंतु खोटी नोंद टिकून राहण्यास ती न वाचणारा वाचकही लागतो.

मंत्रालयाने १९९८ साली वॉकरटनच्या पाणीपुरवठ्याची तपासणी केली होती. पाण्यात ई. कोलाय अनेक वेळा आढळल्याचे तेव्हा नमूद झाले, अवशिष्ट क्लोरीन ०.५ राखावा असे मंडळास सांगण्यात आले आणि मंडळाने तसे आश्वासनही दिले. मात्र दैनिक कार्यपत्रके चाळून पाहिली असती तर जी संशयास्पद एकसारखी मालिका निरीक्षकाच्या दृष्टीस पडावयास हवी होती, ती पाहिली गेली नाही. आश्वासन पाळले की नाही हे पाहण्यासाठी मे २००० पर्यंत कोणी फिरकलेही नाही. उथळ विहिरींवर अखंड मापन करणारी यंत्रे असावीत असे धोरण १९९४ साली ठरले होते. परंतु पूर्वी मंजूर झालेल्या विहिरी पुन्हा तपासून त्यांना ते लागू करण्याची योजनाच आखली गेली नाही. पाचवी विहीर त्यामुळे १९७८ च्या अटीविरहित मंजुरीवरच चालत राहिली.

१९९६ साली प्रांतिक सरकारने नगरांच्या पाण्याची नियमित परीक्षा आपल्या प्रयोगशाळांतून करणे बंद केले. काटकसरीच्या त्या काळात मंत्रालयाचा खर्च व कर्मचारीवर्गही बराच कमी करण्यात आला. परीक्षेचे काम खाजगी प्रयोगशाळांकडे गेले. परंतु प्रतिकूल निकाल आरोग्याधिकाऱ्यास व मंत्रालयास परस्पर कळविण्याचे कायदेशीर बंधन त्यांच्यावर घातले गेले नाही. ती केवळ मार्गदर्शक सूचना राहिली. परिणामी १७ मे रोजी जंतूंची वार्ता फक्त एका माणसापाशी पोचली आणि ती दडविण्यात ज्याचे हित होते असा माणूस नेमका तोच होता. सत्य एकाच नळीतून वाहू दिले की ती तुंबविण्यास एक हात पुरतो. मंत्रालयास अखेर वार्ता लागली तीही २० मे रोजी मंडळातील एका कर्मचाऱ्याने नाव न सांगता केलेल्या दूरध्वनीवरून.

७

साथीनंतर झालेल्या सुधारणांकडे या दृष्टीने पाहिले असता त्यांतील संगती ध्यानात येते. ऑगस्ट २००० मध्ये ओंटारिओने नियम करून प्रतिकूल निकाल प्रयोगशाळेनेच आरोग्याधिकाऱ्यास व मंत्रालयास कळविणे बंधनकारक केले. २००२ च्या सुरक्षित पेयजल कायद्याने प्रयोगशाळांचे परवाने, चालकांचे शिक्षण व पाणीपुरवठ्याच्या मालकांची जबाबदारी निश्चित केली. २००६ च्या स्वच्छ जल कायद्याने विहिरींच्या भोवतालच्या भूमीचे रक्षण हाती घेतले. १९७८ च्या सल्लागारांनी सुचविलेली गोष्ट अठ्ठावीस वर्षांनी कायद्याच्या रूपाने आली. शेवटच्या कायद्याचा हेतू घाण विहिरीत शिरू न देणे हा आहे. पहिल्या दोहोंचा हेतू, बहुतांशी, एका माणसाच्या नोंदीवर कोणालाही विसंबून राहावे लागू नये हा आहे. एकच वस्तुस्थिती अनेक स्वतंत्र हातांनी लिहिली जावी आणि ती एकमेकांशी ताडून पाहिली जावी, हे इतिहाससंशोधनाचे तत्त्वच त्यांनी प्रशासनात आणले.

वॉकरटनच्या इतिहासाचा निष्कर्ष असा मांडता येईल की, पाण्याची सुरक्षितता हा केवळ पाण्याचा गुणधर्म नाही. विहीर, क्लोरीन, मोजणारा माणूस, नोंद, नोंद वाचणारा अधिकारी आणि प्रतिकूल वार्ता योग्य जागी पोचविणारा मार्ग, या साखळीचा तो गुणधर्म आहे. यांतील नोंद हा दुवा दिसावयास सर्वांत क्षुल्लक; परंतु तो खोटा झाला की पुढचे सर्व दुवे निरोगी असूनही आंधळे होतात.

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींतही टी. सी. एल. पावडरीच्या वापराच्या व ओ. टी. चाचणीच्या नोंदवह्या ठेवण्याची पद्धत आहे आणि नगरपालिकांच्या दप्तरांत पाणी तपासणीचे कागद वर्षानुवर्षे साचत असतात. प्रादेशिक इतिहासाचे विद्यार्थी जमीनमहसुलाचे दप्तर ज्या कसोशीने वाचतात त्या कसोशीने हे कागद अद्याप वाचले जात नाहीत. ते वाचणाऱ्याने प्रत्येक आकड्याला प्रथम एकच प्रश्न विचारावा : हा मोजलेला आहे की लिहिलेला? हा प्रश्न पन्नास वर्षांनी संशोधकाने विचारला तर इतिहास सुधारेल. त्याच आठवड्यात निरीक्षकाने विचारला तर माणसे वाचतील.